अब्रूदार तपासणी

स्त्रीचे आरोग्य हा फार नाजूक विषय असल्यामुळे तो पुरुषांनीच हाताळलेला बरा, याबद्दल दांडीजवळच्या त्या कोळीवस्तीत दुमत नव्हते. (ज्यांचे असू शकले असते, त्या मासळी विकायला गेल्या होत्या.)

सदुसष्ट साली पालघरच्या डॉक्टर वत्सलाबाई बायकांची तपासणी करायला यायच्या होत्या. वस्तीचे पुढारी दिनानाथ यांनी बंदोबस्त हाती घेतला. समाजमंदिराच्या खोलीला शिडाच्या कापडाचा पडदा लागला. बायकांची लाज राखण्यासाठी यच्चयावत पुरुष पडद्याबाहेर राखणीला बसले. तक्रार नवऱ्याने सांगायची, सल्ला नवऱ्याने ऐकायचा, बाईने घरी थांबायचे. यात कोणाचीच गैरसोय नव्हती.

नवसीची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण पावसाळ्यापासून तिच्या अंगावरून पुन्हा लाल जात होते. नवऱ्याला, चिंधूला, तिने ते सांगितले होते. चिंधू समंजस. कुणापाशी बोलू नकोस, असा उपाय त्याने तेव्हाच सुचवला होता.

आता तो डॉक्टरांसमोर बसून म्हणाला, "बायकोला काय नाय. जरा पाठ दुखते." (पाठ त्याची दुखत होती.)

तेवढ्यात नवसी बाजारातून तडक तिथे आली. एवढे पुरुष पाहूनही ती थेट पडद्याशी गेली.

दिनानाथ म्हणाले, "नवसी, आत तुजा मालक बसलाय ना?"

"बसूं दे. रगत माजं जातं."

राखणीतले सगळे एकदम समुद्राकडे बघू लागले. चिंधू बाहेर आला आणि त्यानेही समुद्र पाहिला.

आत तपासणीचे लोखंडी हत्यार पाहून नवसीने डोळे मिटले. वत्सलाबाई म्हणाल्या, "अंग सैल सोडा. पिशवीचं तोंड बघते." तपासून झाल्यावर म्हणाल्या, "गाठ आहे. लहान आहे, म्हणून बरं. मुंबईला नेऊन काढू."

"दुखत तर नाय बाय."

"दुखायच्या आधीच बघायचं असतं."

नवसीची गाठ निघाली. दिवाळीनंतर ती पुन्हा पाटी घेऊन बाजारात बसली. वस्तीने मात्र तिची चर्चा वर्षभर केली. काय ते तोंड, आणि तेही चारचौघांत!

दिनानाथांच्या पत्नी मैनाबाई ठरल्याप्रमाणे घरीच थांबल्या होत्या. त्यांनाही तोच त्रास होता, हे पुढे त्या वारल्यावर कळले. शोकसभेत दिनानाथ बोलायला उभे राहिले. "मरेपर्यंत तक्रारीचा शब्द काढला नाय," ते म्हणाले. अशी बाई होणे नाही, यावर सभेचे एकमत झाले.

वाचकहो, खुशाल हसा. तुमच्या घरातली बाई ठणठणीत आहे, हे तुम्हीही तिला न विचारता सांगू शकता.