रणगाडा पुढे, साहेब मागे

शाळा तपासायला येणारे साहेब खूश झाले, तर रूपचंद गुरुजींच्या पदरात पुढील गोष्टी पडणार होत्या: तापीकाठच्या प्रकाशा गावी बदली, तिथलं स्वतःचं घर, दोन्ही वेळा सरलाबाईंच्या हातची गरम भाकर, आणि भाकरीबरोबर सरलाबाईसुद्धा. साडेतीन वर्षं गुरुजी धडगावपलीकडच्या एका पाड्यावर शाळा चालवत होते आणि आपली खिचडी आपणच करपवत होते. महिन्यातून एकदा घरी जायचं म्हणजे घाट उतरण्यात एक दिवस, चढण्यात एक दिवस आणि मधला अर्धा दिवस बायकोचं ऐकून घेण्यात. साहेबांच्या बॅगेत बदल्यांचा कागद आहे आणि प्रकाश्याच्या जागेपुढे अजून कोणाचंच नाव नाही, अशी पक्की खबर शहाद्याहून आली होती. तेव्हा साहेबांचा पेन आपोआप उघडेल असं काहीतरी दाखवणं भाग होतं.

नेमका त्याच आठवड्यात डोंगरसिंग रजेवर आला. पाड्यातला तो पहिला फौजी. पासष्टच्या लढाईला वर्ष होऊन गेलं होतं, पण त्याने खांद्यावर रॉकेट लाँचर वागवला होता हे कळल्यापासून म्हातारी माणसंसुद्धा त्याला वाट देत.

"सांग बरं, ते चालतं कसं?" गुरुजींनी ओसरीवर बसवून विचारलं.

"काही नाही गुरुजी. एक नळी. दोन्ही तोंडं उघडी. एक नंबरचा माणूस खांद्यावर धरतो. दोन नंबरचा मागून रॉकेट भरतो, मागे कोणी नाही बघतो, बाजूला होतो आणि एक नंबरच्या टोपावर थाप मारतो. थाप पडली की फायर."

"आणि खांदा? निखळत नाही?"

"धक्काच नाही लागत. रॉकेट पुढे जातं, आग मागे जाते. दोन्हीकडचा हिशेब सारखा. म्हणून तर एवढं मोठं काम माणसाच्या खांद्यावरून होतं. बंदुकीच्या पुढे उभं राहू नये हे लहान पोरालाही कळतं. याच्या मागेपण उभं राहू नये, हे शिकवायलाच आमचे उस्ताद शिव्या द्यायचे."

गुरुजी ताडकन उठले. क्रिया आणि प्रतिक्रिया! हा धडा त्यांनी आयुष्यभर भिंत ढकलून शिकवला होता, आणि भिंतीने कधी साथ दिली नव्हती.

दोन दिवसांत सगळी सामग्री जमली. शाळेच्या पन्हाळीची पत्र्याची नळी निघाली. दिवाळीतला एकुलता एक उरलेला बाण निघाला. बैलगाडीवर तट्ट्या बांधून, त्यांना काळा रंग फासून रणगाडा तयार झाला. मागे जाणारी आग पोरांना दिसावी म्हणून नळीच्या मागच्या तोंडात चुलीची राख भरायचं ठरलं.

"मूठभर पुरे," डोंगरसिंग म्हणाला.

"मूठभरात साहेबाले काय दिसनार शे?" गुरुजींनी पायलीभर चाळून ठेवली.

कार्यक्रम सकाळी नऊचा होता. मैदानात पश्चिमेकडे रणगाडा उभा राहिला, मधोमध फक्कीने लाँचरची जागा आखली गेली, आणि डाव्या हाताला मोहाच्या सावलीत साहेबांची खुर्ची मांडली गेली. शाळेची घंटा वाजवणाऱ्या खात्या नावाच्या गड्याला गुरुजींनी बजावलं, "साहेबाले ऊन लागाले नको. हाई काम तुन्हं."

साहेबांची जीप घाटात दोनदा पंक्चर झाली आणि एकदा तापली. नऊचे बारा झाले, बाराचे तीन. या सगळ्या वेळात कामात कसूर केली नाही ती दोघांनीच: सूर्याने आणि खात्याने. सावली हातभर सरकली की खात्या खुर्ची हातभर सरकवी. तीन वाजता साहेब येऊन, हार घालून घेऊन, हुश्श करून बसले, तेव्हा खुर्ची गार सावलीत होती आणि लाँचरच्या बरोब्बर मागे, दहा पावलांवर होती.

डोंगरसिंग डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं बांधून, गुडघा टेकून, हातात पेटती उदबत्ती धरून बसला होता. त्याने मान वळवली आणि पुन्हा पुढे केली.

"गुरुजी, मागे साहेब आहेत."

"अरे देवा," गुरुजी कुजबुजले. दोन नंबरचे ते स्वतःच होते. "मंग तू तिकडे सरक ना थोडासा."

"सरकून रणगाडा कसा लागेल? बाण एकच आहे. साहेबांना उठवा."

"त्याले उठाडू? बदलीना कागद शे रे त्यान्हा मांडीवर!"

"मग मी फायर नाही करणार. थाप मारू नका."

गुरुजींनी खात्याला खुणावलं. खात्या धावत आला.

"साहेबाले जरासा उठाडी दे."

"उठवतो," खात्या म्हणाला, "पण मग ऊन लागेल. तुम्हीच बोलला होता."

"हे काय चाललंय?" मागून साहेबांचा आवाज आला. "आटपा गुरुजी. अंधाराच्या आत मला घाट उतरायचा आहे."

आता इथे एखाद्याने सरळ म्हटलं असतं, साहेब, बाजूला व्हा. पण गुरुजींनी चौदा वर्षं नोकरी केली होती. बसलेल्या साहेबाला 'उठा' म्हणायचं वाक्य त्यांना येत नव्हतं. आपण नमस्कार करावा, तोंड भरून स्वागत करावं, आणि बोलता बोलता 'इकडून जास्त छान दिसेल' असं सुचवावं, असा त्यांनी बेत केला. डोंगरसिंगच्या बाजूला उभे होते तिथूनच ते साहेबांकडे वळले. हात जोडले. आणि प्रकाश्याची जागा डोळ्यांपुढे आल्यामुळे नेहमीपेक्षा बरेच खाली वाकले.

माणूस जितका पुढे वाकतो, तितकाच त्याचा मागचा भाग मागे जातो. पातेलं टण्णकन वाजलं.

डोंगरसिंग फौजी होता. थाप हाताची की आणखी कशाची, हे विचारायची त्याला सवय नव्हती. त्याने उदबत्ती वातीला लावली.

बाण सुटला तो सरळ रणगाड्यात घुसला, आणि तट्ट्या धडाधड खाली आल्या. पण तिकडे पाहिलं कोणीच नाही. पायलीभर राख एका दमात मागे निघाली होती. मोहाचं झाड दिसेनासं झालं. खुर्ची दिसेनाशी झाली. ढग बसला तेव्हा खुर्चीवर राखेची एक आकृती होती. तिने चष्मा काढला आणि मागून दोन स्वच्छ डोळे निघाले.

गुरुजी वाकले होते ते वाकलेलेच राहिले. प्रकाशा तापीतून वाहत चाललेलं त्यांना स्पष्ट दिसलं.

"हे," साहेब शिंकून म्हणाले, "काय होतं?"

पहिल्या ओळीतली कोकिळा नावाची पोरगी न विचारताच बसल्या जागेवरून बोलली. "जेवढ्या जोराने पुढे गेलं, तेवढ्याच जोराने मागे आलं, साहेब. म्हणून डोंगरभाऊला धक्का नाही लागला. तो तुम्हाला लागला."

साहेबांनी टोपी झटकली, ते पुन्हा शिंकले, आणि हसायला लागले. इतके हसले की खात्याला पाठीवर हात फिरवावा लागला.

"अकरा वर्षं शाळा तपासतोय," ते म्हणाले. "हा नियम पाठ म्हणणारी पोरं शेकड्यांनी पाहिली. समजलेली ही पहिली. गुरुजी, सरळ व्हा. तुमचं नाव मी आत्ताच घालतो."

साहेबांनी पेन उघडला. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं, काही राखेचं, काही आनंदाचं. साहेबांनी बदल्यांच्या कागदावरची राख पुसून त्याची घडी घातली, तो बॅगेत ठेवला, आणि शाळेचं शेरेबुक मागवलं. त्यात त्यांनी लिहिलं: "असा कल्पक शिक्षक डोंगरी भागातच हवा. यांची पाच वर्षं बदली करू नये." खाली ठसठशीत सही केली आणि गुरुजींचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला.

आता जमाखर्च. डोंगरसिंगला पलटणीत सांगायला एक किस्सा मिळाला; तो फुकट. साहेबांचा कोट धुलाईला गेला; तो सरकारी प्रवासखर्चात बसला असावा. प्रकाश्याची जागा ज्या गुरुजींना मिळाली, त्यांना ती का मिळाली हे अजून कळलेलं नाही. आपल्या गुरुजींना शाबासकी मिळाली.

आणि चौथ्या दिवशी एक पत्र्याची पेटी, एक जातं आणि पिठाचा डबा घेऊन सरलाबाई भाड्याच्या जीपमधून उतरल्या. पाच वर्षांची बातमी कळताच प्रकाश्याच्या घराला कुलूप लावून, म्हैस नणंदेकडे बांधून आल्या होत्या. गुरुजी पुढे झाले, तोंड उघडलं.

"काही बोलू नका," सरलाबाई म्हणाल्या. "जातं उचला."

साहेबांना खुर्चीतून उठा म्हणायला त्या दिवशी कोणाला धीर झाला नव्हता. सगळ्या प्रकरणात जागेवरून उठल्या त्या एकट्या सरलाबाई, आणि त्यांना तर कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं.