गंगारामकाकांचं पाणी

आमच्या शेजारचे गंगारामकाका 'लघवी' हा शब्द उच्चारत नाहीत. 'जरा जाऊन येतो' एवढंच म्हणतात, आणि बायका आसपास असल्या तर तेही नाही, नुसते उठतात. लघवीतून रक्त पडू लागलं तेव्हा जवळच्या गोरेगावच्या डॉक्टरांना ते म्हणाले, "खाली तकलीफ हाय." डॉक्टरांनी गुडघ्याला लावायचं मलम दिलं. काकांनी ते इमानेइतबारे संपवलं.

शेवटी मीच त्यांना नांदेडला नेलं. मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली. ती दुर्बिणीतून काढली, पण आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज यावा म्हणून डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली. "लघवीतल्या पेशींची गुणसूत्रं बघायची. त्यांत बिघाड दिसला तर आजार खोलवर जायची भीती जास्त. मग इलाजही कडक." काका सगळा वेळ फरशीकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "गावात बोललास तर बघ. तोंड दाखवायला जागा न्हाई राहणार." मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

नमुन्याची बाटली हिंगोलीच्या लॅबमध्ये द्यायची होती. काकांनी ती टॉवेलात गुंडाळून जीपमध्ये मांडीवर घेतली. समोर आमच्याच गल्लीतल्या शांताबाई.

"काका, काहून एवढी जपून धरली बाटली?"

"पाणी हाय. तपासायला."

"बोअरचं व्हय?"

काकांनी कपाळ पुसलं. "बराबर."

या एका 'बराबर'ने घात केला. काकांच्या बोअरवर आमची अख्खी गल्ली पाणी भरते. काकू गेल्यापासून काकांची सकाळ त्या नळापाशीच उजाडते. खुर्ची टाकून बसायचं आणि ओरडायचं, "नळ बंद करा बायांनो, गप्पा मागून!" बायका मुद्दाम नळ सोडून ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी एकही घागर आली नाही. काकांच्या बोअरात काहीतरी निघालंय, म्हणून सगळ्या शाळेजवळच्या हापशावर गेल्या होत्या. काका तरीही खुर्ची टाकून बसले. मी विचारलं, "सांगू का त्यांना खरं?"

"न्हाई." दिलेला चहा तसाच गार झाला.

त्यानंतरच्या सकाळी ते अनवाणीच हापशाकडे निघाले. मी मागोमाग पळालो. रांगेसमोर ते मान खाली घालून उभे राहिले. कान लालबुंद झाले होते.

"बोअरचं पाणी चांगलं हाय," ते म्हणाले. "खराब असंल तर माझं. त्या बाटलीत माझी... लघवी व्हती. कॅन्सर हाय मला. रिपोर्ट यायचाय."

लाज मलाच वाटली. मी दुसरीकडे बघू लागलो. काका वळता वळता पुटपुटले, "तुमी न्हाई आल्या की घर खायला उठतंय. येत जा."

शांताबाईंनी अर्धी भरलेली घागर तिथेच ओतली आणि त्या काकांच्या पुढे बोअरकडे चालू लागल्या.

त्या सकाळी नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. काका खुर्चीवर बसून होते. बंद करा म्हणाले नाहीत.