आधी चव, मग पैसे

संगप्पाच्या किराणा दुकानातून शेंगदाणे न खाता सामान नेणं म्हणजे उघड उघड अपमान समजला जाई. गिऱ्हाईक पायरी चढलं की संगप्पा पोत्यात हात घालायचा आणि मूठभर शेंगदाणे त्याच्या तळहातावर ठेवायचा. गिऱ्हाइकानं ते तोंडात टाकायचे, डोळे बारीक करून चावायचे, "बरे हायेत" म्हणायचं आणि मग हवं तर नुसती काड्यापेटी घेऊन जायचं. एखाद्या घाईतल्या माणसानं हात पुढं केला नाही, तर संगप्पा पडेल चेहऱ्यानं विचारायचा, "काय चुकलं का आमचं?"

मल्लिकार्जुनअप्पा पोस्टातून रिटायर झाले होते आणि ही रीत त्यांच्याइतकी निष्ठेनं कुणी पाळत नव्हतं. रोज संध्याकाळी ते लातूरच्या गोलाई बाजारातल्या त्या दुकानात येत, साखरेच्या पोत्यावर टेकत आणि शेंगदाणे चघळत जगाची खबरबात घेत. दाणा दाताखाली आला की तो औशाकडचा की उदगीरकडचा हे आपण सांगू शकतो, असा त्यांचा दावा होता. तो कुणी कधी पडताळून पाहिला नाही, कारण संगप्पा प्रत्येक वेळी "हाव, बरोबर" म्हणून मोकळा होई. अप्पांना या एवढ्या जागेपलीकडे म्हातारपणाकडून काही नको होतं. मुलगा सोलापूरला, सून त्याच्यापाशी, आणि घरात रत्नम्मा बोलायला लागल्या की ऐकणारे ते एकटेच.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि नव्या जिल्ह्याला दुष्काळही लगोलग मिळाला होता. तालुक्याच्या पाट्या पुसून 'जिल्हा' लिहिणाऱ्या रंगाऱ्याला तेवढी उसंत नव्हती; बाकी गाव टँकरची वाट बघत बसलेलं. कलेक्टर कचेरीबरोबर साहेब आले, साहेबांच्या बायका आल्या आणि त्यांच्यासाठी एक नवं ग्राहक भांडार निघालं. तिथं म्हणे दुकानदारच नसतो. आपणच टोपली घ्यायची, आपणच माल उचलायचा आणि दाराशी पैसे द्यायचे.

"तुमच्या संगप्पाचं काय चाललंय ते तरी विचारा," रत्नम्मा एका सकाळी म्हणाल्या. "मूठभर खायला देतो आन किलोभर मागितले की उद्या म्हणतो. त्या उद्याला आता महिना झाला."

"माल येऊन राहिला असंल. दुष्काळ हाय."

"दुष्काळ काय किलोपुरताच हाय? मुठीला बरा सापडतो! मी आज भांडारात चालले. तुम्ही येता का मी जाऊ एकटी?"

अप्पा निघाले खरे, पण गोलाईचा रस्ता त्यांनी टाळला. मागच्या गल्लीनं, नाल्याकडेनं, पिशवी सदऱ्याखाली दडवून ते असे गेले, की वाटेत भेटलेल्या एकानं तब्येतीची चौकशी केली. अप्पांना मनातून फार वाईट वाटत होतं. ज्या माणसाच्या पोत्यावर आपण रोज बसतो, त्याच्या पाठीमागं आपण हे काय करतोय, असं त्यांना पावलापावलाला वाटत होतं. पण रत्नम्मा पुढं चालत होत्या, आणि त्या पुढं असल्या की अप्पांना परत फिरायची सवय नव्हती.

भांडारात शिरल्यावर रत्नम्मा साबणाकडे वळल्या आणि अप्पा शेंगदाण्यांपाशी येऊन उभे राहिले. शेंगदाणे प्लॅस्टिकच्या पाकिटात होते. वर टाचणी मारलेली. मागं पाटी होती: 'एका घराला दिवसाला एकच पाकीट.' अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. हातावर दाणे ठेवणारं कुणीच नव्हतं. आता चव बघितल्याशिवाय माणसानं माल घ्यायचा कसा? त्यांचं आयुष्य पोस्टात गेलेलं, त्यामुळे टाचणी अलगद काढणं हा हातचा मळ. त्यांनी पाकीट उघडलं, चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे बारीक केले.

दाणे उत्तम होते. अगदी संगप्पाकडच्यासारखे.

नेमक्या त्याच वेळी त्यांच्या गल्लीतली जन्नतबी टोपली घेऊन शेजारी आली. "कसे हैत अप्पा? घेऊ का?"

आता खरं सांगायचं तर संगप्पाशी बेइमानी होणार. आधीच येऊन केलेली, वर आणखी ही. अप्पांनी तोंड वाकडं केलं आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खवट! संगप्पाच्या दाण्याची सर न्हाई याला."

एवढं बोलल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. पण जन्नतबी हलेना. "मग एखादं चांगलं बघून द्या ना. तुमाला दाण्यातलं कळतं."

पाकीट खवट ठरवलं म्हणजे दुसरं उघडणं आलं. दुसरंही उत्तम निघालं, म्हणजे तेही खवट म्हणणं भाग होतं. तिसऱ्याला अप्पांनी "हे त्यातल्या त्यात बरं" असा निकाल देऊन जन्नतबीच्या टोपलीत टाकलं. तोवर मागं दोघी-तिघी जमल्या होत्या. शेवटी हा भांडाराचाच चव बघणारा माणूस असावा, अशी त्यांची समजूत झाली. सरकारी कारभार, ठेवला असेल एखादा! एकीनं गुळाचा खडा पुढं केला, एकीनं तुरीची डाळ, एकीनं खारीक. अप्पांना नाही म्हणवेना. पुष्कळ दिवसांनी त्यांना रांगेतल्या माणसांपुढं पोस्टाच्या खिडकीत बसल्यासारखं वाटत होतं. ते चाखत गेले, निकाल देत गेले. मग त्यांचं बघून बायकाही धीट झाल्या आणि आपापलं पाकीट आपणच उघडून "बघू बघू" करू लागल्या. एका पोरानं बिस्किटांचा पुडा फोडला तेव्हा त्याच्या आईनंही त्याला अडवलं नाही, उलट "चांगलं चावून सांग" म्हणाली.

मॅनेजरसाहेब आले तेव्हा भांडारात लग्नाची पंगत बसल्यासारखं दृश्य होतं. साहेब पुण्याकडचे, वयानं लहान, आणि नव्या जिल्ह्यात त्यांची ही पहिलीच नेमणूक.

"आजोबा, हे काय चाललंय?"

"चव बघून राहिलो," अप्पा तोंडातला गूळ गिळत म्हणाले.

"पैसे न देता?"

"पैसे चवीनंतर असतात साहेब. आधी कसे?"

"इथं न विचारता खाणं म्हणजे चोरी. पाटी वाचता येत नाही का?"

चोरी! साबणाकडून रत्नम्मा आल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. बायकांनी आपापली पाकिटं मुकाट्यानं परत जागेवर ठेवली. इतकी वर्षं लोकांच्या मनीऑर्डरी हाताळून एका पैशाचा डाग न लागलेल्या अप्पांची कानशिलं तापली. डोकं चालायच्या आधी तोंड चाललं.

"मी चोर? विचारा की गोलाईतल्या संगप्पाला! तो सांगंल मी कसा माणूस हाय ते!"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्या लातुरात ज्या एका माणसाला आपण इथं दिसायला नको, त्यालाच आपण बोलावणं धाडलंय. "र्‍हाऊ द्या साहेब," ते घाईनं म्हणाले, "मी पैसे भरतो." पण शिपाई सायकलवर टांग टाकून केव्हाच गेला होता.

संगप्पा आला तो धापा टाकत, एका हातात पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन. अप्पा भांडारात अडचणीत आहेत एवढंच शिपाई म्हणाला होता, आणि या वयात अडचण म्हणजे चक्कर, असं धरून तो दुकान उघडं टाकून पळत आला होता. टँकरच्या पाण्यातला तो तांब्या वाटेत थेंबभरही सांडू दिला नव्हता. त्यानं अप्पांकडं पाहिलं, रत्नम्मांकडं पाहिलं, मग महिन्याच्या सामानानं भरलेल्या त्यांच्या टोपलीकडं पाहिलं. अप्पांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण त्या दुष्काळात धरणीला भेगा होत्या तरी त्यांच्यापुरती एकही उपयोगी नव्हती.

"साहेब, हे चोर न्हाईत," संगप्पा म्हणाला. "ही त्यांची सवय हाय, आन ती मी लावली. माझ्या दुकानात रोज येऊन खातात. लावायचा तर माझ्यावर लावा गुन्हा."

साहेब जरा नरमले. तेवढ्यात दाराशी पैसे घेणारी सालेहा संगप्पाकडं बघून हसली. कुणाचं तरी भलं करावं याच हेतूनं ती बोलली.

"साहेब, या काकांना मी ओळखते. चांगले आहेत. रोज सकाळी दार उघडायच्या आधी येऊन उभे असतात, शेंगदाण्याला. दुपारी त्यांच्या घरच्या शिवम्माकाकू येतात."



"रोज? दोन-दोन पाकिटं?" साहेबांचा आवाज बदलला. "आणि तुमचं दुकान आहे म्हणता. म्हणजे भांडाराचा माल नेऊन दुष्काळात चढ्या भावानं विकता?"

"विकत न्हाई साहेब."

"मग काय करता?"

संगप्पानं तांब्या खाली ठेवला. तो अप्पांकडं न बघता बोलू लागला. "आडतीवाला दोन महिन्यांपास्नं मला माल देईना. पोत्यात खाली भुसा हाय, वर तेवढं पाकीट ओततो. विकायला माझ्याकडं दाणाच न्हाई. पण गिऱ्हाईक पायरी चढलं तर त्याच्या हातावर काहीतरी ठेवाया नको का? मोकळ्या हातानं परत गेलं तर उद्या येतंय कशाला?"

जन्नतबीला हे ऐकवेना. संगप्पाला जरा धीर यावा म्हणून ती म्हणाली, "अप्पा तर मगाशी सगळ्यांना सांगत होते, संगप्पाच्या दाण्याची सर इथल्या खवट दाण्याला न्हाई म्हणून!"

कुणी तरी हसलं. संगप्पाही हसला, पण त्याचं हसू मिशीपर्यंत येऊन थांबलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कुणावर गुन्हा घातला नाही. अप्पांनी उघडलेलं सगळं अप्पांनीच विकत घ्यावं, आणि संगप्पाच्या घराला यापुढं पाटीप्रमाणं एकच पाकीट मिळावं, तेही घरात खाण्यासाठी, दुकानासाठी नव्हे, असं त्यांनी ठरवलं. सालेहाला ते तसं बजावून गेले. संगप्पा तांब्या उचलून निघून गेला. पाणी द्यायचं त्याला सुचलं नाही, मागायची अप्पांना हिंमत झाली नाही.

घरी गेल्यावर रत्नम्मा नेहमीसारख्या बोलल्या असत्या तर अप्पांना बरं वाटलं असतं. त्या तडक चुलीकडे वळल्या. खुर्चीत बसल्या बसल्या अप्पांना एकेक संध्याकाळ आठवत राहिली. गेले दोन महिने आपण एका मुठीवर थांबलोच नाही, बोलता बोलता दुसरी घेतली, तिसरी घेतली. वर "आजचा दाणा उदगीरचा दिसतो" असं सांगून संगप्पाला "हाव, बरोबर" म्हणायला लावलं. तो पदरमोड करून आपली ऐट सांभाळत होता आणि आपल्याला भुशाचा वाससुद्धा आला नाही. चव कळते म्हणे! मग त्यांनी शेंगदाण्यांची उघडलेली पाकिटं पिशवीत भरली. या वेळी ते गोलाईच्या रस्त्यानं गेले, भर बाजारातून.

संगप्पा दुकानात साखरेच्या पोत्यावर बसला होता. शेंगदाण्याचं पोतं पालथं करून त्यानं भुसा बाहेर झाडला होता. अप्पा पायरी चढले, पण बसले नाहीत.

"संगप्पा, हे घे. पोत्यात वत. एवढ्यात उद्याचा दिवस जाईल."

संगप्पानं पाकिटं पाहिली. "फोडलेली दिसतात."

"पैसे दिलेत सगळ्याचे."

"तू दिलेस. मी न्हाई." त्यानं पाकिटं अप्पांकडं सरकवली. "आता काय वतायचं रं? सगळ्या गोलाईला कळलं. आजच्याला एक गिऱ्हाईक न्हाई आलं. आलं ते 'भुसा दाखव' म्हणत आलं."

"माझं चुकलं संगप्पा. लई चुकलं."

 रस्त्यावरून एक टँकर खडखडत गेला, त्याच्या मागून घागरी घेतलेल्या बायका धावल्या, तिकडं संगप्पा बघत राहिला. मग त्यानं एक पाकीट ओढून घेतलं. अप्पांनी सवयीनं हात पुढं केला. संगप्पानं मात्र दाणे स्वतःच्याच तळहातावर ओतले. दुकान टाकल्या दिवसापासून त्यानं गिऱ्हाइकाच्या आधी कधी दाणा तोंडात टाकला नव्हता. त्यानं टाकला, डोळे बारीक केले, सावकाश चावला.

"तू म्हणलास ते खरं हाय," तो म्हणाला. "खवट हायेत."

मग उरलेले दाणे त्यानं अप्पांच्या अजून तसाच पसरलेल्या हातावर ठेवले. अप्पांनी ते चावले. दाणे उत्तम होते, सकाळी होते तसेच. पण तसं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"हाव," ते म्हणाले, "खवटच हायेत."

संगप्पा पोत्यावर थोडा सरकला. अप्पा टेकले. आणि अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून ते सगळे खवट शेंगदाणे संपवले.