लोटेमाळाची विक्री आणि गजराबाईंचा अंगठा

श्री क्षेत्रपाळ प्रसन्न. धरित्रीमाता, जी राजास आणि रंकास सारखेच पोटी घालते आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे हे कधी विचारीत नाही, तिचे पायी माथा ठेवून हा मजकूर लिहिला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ शुद्ध सप्तमी, ते दिवशी लोटेमाळ नामे जमिनीचे खरेदीखत जाहले. ते कैसे जाहले, कोण रुसले, कोण हसले, ते जैसे कानी आले तैसे येथे उतरिले आहे. पदरचे मीठ थोडे, मसाला त्याहून थोडा.

कोणे एके राज्यी ढेकळे नामे घराणे नांदत होते. कर्तबगारी बेताची, अब्रू बहुत. थोरले आबासाहेब ढेकळे कैलासवासी जाहले तेव्हा मागे वडील कन्या गजराबाई, पुत्र नामाजीराव व तुळाजीराव, थोडी बागायत, आणि वेशीबाहेरचा दोन एकर खडकाळ माळ ठेवून गेले. माळावर कुसळ उगवत नव्हते, परंतु त्याचा उपयोग थोर होता. राज्यातील यच्चयावत पुरुषमंडळी प्रातःकाळी लोटा घेऊन त्या माळावर स्वारीस जात, आणि सोयरिकी, भांडणे, निवडणुकीचे बेत, सर्व मसलती तेथेच उकिडवे बसून होत, म्हणोन नाव लोटेमाळ. वाटणीसमयी बागायत दोघा बंधूंनी घेतली आणि माळ कोणी घेईना. मग त्याकाळचा तलाठी सरळ माणूस, त्याने वारसनोंद करिताना गजराबाईंचेही नाव चढविले, आणि बंधूंनी हरकत घेतली नाही, कारण घाणीत वाटेकरी जितके जास्त तितके बरे, ऐसा त्यांचा विचार पडला.

पुढे काळ फिरला आणि घरोघर संडास जाहले आणि माळ ओस पडला आणि मग त्याचे कडेने चौपदरी राजमार्ग आला. राजमार्गामागोमाग झुंबरशेठ दलाल आले. या झुंबरशेठांची कीर्ती ऐसी की त्यांनी एकदा ओढ्यातली जमीन तळ्याकाठची म्हणोन विकली होती. त्यांनी माळ पाहिला, डोळे मिटिले, मग उघडिले आणि बोलिले, "नामाजीराव, ही जमीन नाही. ही टाउनशिप आहे. फक्त तिला अजून कुणी सांगितलेलं नाही." मग बिगरशेतीचा हुकूम आणविला आणि राजमार्गाचे कडेस मोठा फलक रोविला की, 'निवासी प्रकल्पास अत्यंत योग्य. निसर्गरम्य. शांत. मोकळी हवा.' मोकळ्या हवेविषयी गावच्या वृद्धांनी साक्ष दिली की ते अक्षरशः खरे आहे. फलक पाहून विराजशेठ नामे इमारतींचे मोठे सरदार काळ्या गाडीत बसून चालोन आले. त्यांनी माळ पसंत केला, बोलणी पक्की जाहली, आणि तुळाजीरावांनी चारचाकी गाडीचा रंगही ठरवून टाकिला. इतक्यात विराजशेठांच्या वकिलाने उतारा डोळ्यांशी धरिला आणि विचारिले, "ह्या गजराबाई कोण?" तेव्हा दोघे बंधू एकमेकांकडे पाहाते जाहले, जैसे न वाचलेला धडाच परीक्षेत यावा.

आता गजराबाई कोण, ते ऐका. वय बासष्ट, अंगाने काटक, जीभ तिखट. तिसाव्या वर्षी वैधव्य आले, पोटी मूल नाही, सासरी दिरांनी बाहेरची वाट दाखविली, म्हणोन दुसऱ्या तालुक्याचे ठाणे गाठून खाणावळींस भाकरी पुरवून पोट भरीत होत्या. बत्तीस वर्षांत भाड्याच्या चौदा खोल्या बदलिल्या. एका घरमालकास तव्याचा धूर सोसेना, दुसऱ्याने आठनंतर पाणी बंद केले, तिसऱ्याने भिंतीस खिळा ठोकिला म्हणोन आठ दिवसांत सामान रस्त्यावर काढिले. आणि माहेर म्हणावे तर तेही अकरा वर्षे तुटलेले. कारण ऐसे की नामाजीरावांच्या कन्येच्या साखरपुड्यास नवरदेव डोक्यावर टोपी घालून बसले होते, ती काही केल्या काढीनात, तेव्हा गजराबाईंनी भर मांडवात विचारिले, "पाव्हणं, टोपीखाली काय हाय ते दाखवा, मगच साखर वाटू." टोपी निघाली, टक्कल निघाले, मंडळी हसली, आणि ते दिवसापासून अक्कास दिवाळीचे बोलावणे बंद जाहले.

ऐशा अक्काचे खोलीवर दोघे बंधू जरीकाठी लुगडे, शेरभर पेढे आणि हक्कसोडपत्राचा कागद ऐसा सरंजाम घेऊन दाखल जाहले. गजराबाई चुलीपुढे बसल्या होत्या. उठल्या नाहीत, तवाही उतरविला नाही. नामाजीराव चालताना आबांसारखेच डावा पाय ओढू लागले होते, ते त्यांनी पाहिले, परंतु तोंडावर काही येऊ दिले नाही.

"अक्का, वाळलीस गं," नामाजीराव बोलिले.

"अकरा वर्षांत वाळणारच की. कुणी पाणी घातलंय?"

तुळाजीरावांस धीर कमी. त्यांनी कागद पुढे केला. "काय न्हाई, आपला लोटेमाळ हाय न्हवं, त्याची किरकोळ भानगड मिटवायचीय. इथं सही, तिथं अंगठा. मग दिवाळीला गाडी पाठवतो तुला."

गजराबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी पिठाचे हात पदरास पुसले, चष्मा चढविला आणि कागद मोठ्याने वाचू लागल्या, आणि 'मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता' येथवर येऊन थांबल्या. "ही स्वखुशी कुणाची रं तुळ्या?"

"तुझीच की."

"मग मला कशी ठावं न्हाई?"

यावर तुळाजीरावांनी माहेर तुटेल ऐसा धाक घातला. तेव्हा अक्कांनी पेढ्यांचा पुडा उचलून त्यांचे मांडीवर ठेविला आणि सांगितले, "तुटलेलं आणि काय तुटायचं? आधी माळ बघते, मग बोलू." मोहिमेचा पहिला दिवस ऐसा फुकट गेला. लुगडे तेवढे त्यांनी ठेवून घेतले, कारण काठ चांगला होता.

दुसरे आठवड्यात अक्कांची स्वारी माळावर आली. झुंबरशेठ हाती नकाशा घेऊन सामोरे आले आणि हात पसरून दाखवू लागले की, येथे पोहण्याचा तलाव, येथे ज्येष्ठांसाठी कट्टा, येथे योगासनांची हिरवळ. गजराबाई बोलिल्या, "शेठ, ह्या हिरवळीवर तुमचं आजं बसायचं. आसन तेच, लोटा तेवढा जास्त." विराजशेठ हसू दाबोन आकाशाकडे पाहाते जाहले. मग सर्व मंडळी सावलीस गेली आणि बाई एकट्याच माळाच्या उंचवट्यावर चढल्या. बालपणी बायकामुलींस या माळावर बंदी होती. आपले नाव असलेल्या जमिनीवर पाय ठेवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. वारा सुटला होता, खाली गाव दिसत होते, शेजारी कोणाची भिंत नव्हती, आणि कोणी विचारीत नव्हते की किती वेळ थांबणार. त्यांनी पायातल्या वहाणा काढिल्या, खडकावर टेकल्या आणि मनाशी बोलिल्या की, गजरे, इथं धूर झाला तर कुणाच्या बापाचं काय जातंय? आणि खाली येऊन त्यांनी आपली मागणी घातली. "माळ विका. माझा तिसरा वाटा पैशात द्या. पण त्यातनं दोन गुंठे जागा मला सोडा. घर बांधायचंय."

विराजशेठांनी मान हालविली की, सलग जमीन पाहिजे, तुकडा पाडता येणे नाही. तुळाजीराव तापोन लाल जाहले. नामाजीराव वहाणेतला खडा काढू लागले, आणि ते अक्कास तुळाजीच्या तापण्याहून अधिक लागले.

पुढे बंधूंनी मसलत ऐसी केली की, अक्कास सौद्याचा आकडा निम्माच सांगावा आणि निम्म्याचा तिसरा हिस्सा देऊन वाटेस लावावे. परंतु गडावर फितुरी असतेच. नामाजीरावांच्या अर्धांगी शेवंताबाई दुपारचे एसटीने भाकरीच्या खोलीवर हजर जाहल्या, आणि पदराने वारा घेत सगळा खरा आकडा सांगोन मोकळ्या जाहल्या. गजराबाई चकित. "शेवंता, तू तर माझं तोंड बघत न्हवतीस."

"वन्सं, तुमचं तोंड न्हाई, तुमचं खरं झोंबलं हुतं. टोपी काढायला लावली तवाच थांबायला पायजे हुतं. जावय नुसता टकला असता तर काय न्हवतं, हात उचलतोय. पोरगी तीनदा माघारी आली, तीनदा ह्यांनीच घालवली, म्हणलं, माहेरात तिचं काय हाय? म्हणून सांगायला आले. तुम्ही तुमचं सोडू नगा. एकीनं सोडलं की दुसरीला मागाया तोंड ऱ्हात न्हाई." ऐसे बोलोन शेवंताबाईंनी दोन भाकरी व ठेचा खाल्ला, डोळे पुसले, आणि ठेच्यानेच पाणी आले ऐसे भासवून परत गेल्या.

मग खरा आकडा उघड जाहला म्हणोन बंधूंनी नाइलाजाने तह केला. पुरा तिसरा वाटा धनादेशाने द्यावा, आणि बाईंनी दोन गुंठ्यांचा हट्ट सोडावा. गजराबाईंनी तह मान्य केला. मान्य केला खरा, परंतु ते दिवशीच्या भाकऱ्या त्यांनी जळविल्या, जे बत्तीस वर्षांत घडले नव्हते.

माघ शुद्ध सप्तमीस नोंदणीचे कचेरीत उभय पक्षांच्या फौजा जमल्या. विराजशेठांस घाई बहुत, कारण तिसरेच दिवशी भूमिपूजन, मांडव पडलेला, मोठे पाहुणे बोलाविलेले, पत्रिका छापलेल्या. प्रथम यंत्र बंद पडिले, ते दोन घटकांनी चालू जाहले, मग कारकून जेवावयास गेला, तो चार घटकांनी चालू जाहला. नामाजीरावांचा अंगठा उमटला. तुळाजीरावांचा तर यंत्रास लागण्याआधीच उमटला. मग गजराबाईंनी सही वळणदार केली आणि काचेवर अंगठा ठेविला. यंत्र लाल. पुन्हा ठेविला. लाल.

"आजी, जरा जोरात दाबा," कारकून बोलिला, आणि मग हात जवळ घेऊन पाहिला. "ह्यावर रेघाच नाहीत हो."

"हुत्या. तव्यावर ऱ्हायल्या."

तेव्हा नामाजीराव पुढे जाहले, रुमाल पाण्यात भिजविला आणि अक्काचा अंगठा आपले हाती घेऊन पुसू लागले. अंगठा, तर्जनी, मधले बोट, सर्व गुळगुळीत, वर पांढरे डाग, जैसा घासून घासून झिजलेला पाटा. नामाजीरावांस आठविले की आई वारल्यावर याच हाताने आपणास न्हाऊ घातले होते. ते पुसत राहिले, पुसण्यासारखे काही उरले नाही तरी पुसत राहिले. गजराबाईंनी त्यांचे खाली गेलेले डोके पाहिले आणि बाईंचे मनात जो तह होता तो तेथेच मोडला.

"नामा, ऱ्हाऊ दे. हे बोट न्हाई म्हणतंय आणि माझं मनबी न्हाई म्हणतंय. दोन गुंठे सोडत असतील तर सही, न्हाईतर माळ हाय तिथं ऱ्हाऊ दे."

"अगं ए अक्का!" तुळाजीराव किंचाळले. "गिऱ्हाईक जाईल!"

नामाजीराव उभे राहिले. मग ऐसे बोलिले की कचेरीतल्या तिघा कारकुनांनी माना वर केल्या. "जाऊ दे गेलं तर. शेठ, अक्का म्हणती तसं लिहा. न्हाईतर माझाबी अंगठा खोडा."

विराजशेठांनी घड्याळ पाहिले, पत्रिका आठविल्या, पाहुणे आठविले. मग झुंबरशेठांस बाजूस नेऊन कुजबुज केली, आणि अखेर नकाशाचे मागले टोकावर बोट ठेविले, जेथे हत्तीएवढा खडक होता आणि जो फोडण्याचा खर्च जागेहून जड. "हा कोपरा घ्या. येण्याजाण्याचा हक्क आमच्या फाटकातून. चालेल?" त्यांस वाटले बाई नाकारतील. बाई बोलिल्या, "त्या खडकावरच बसले हुते मी. चालतंय." मग नवा मजकूर लिहिला, आणि कारकुनाने एकेक बोट यंत्रास लावून पाहिले, तो डाव्या हाताची करंगळी हिरवी उमटली. भाकरी उलटताना ती एकटीच वर राहात आली, म्हणोन वाचली होती.

वर्षाने माळावर तीन उंच इमारती उठल्या आणि मागले अंगास खडकाशी पाठ लावून दोन खोल्यांचे घर उठले. धूर येतो म्हणोन इमारतीतील मंडळींनी प्रथम सभा भरविली, ठराव लिहिला, आणि दुसरे महिन्यापासून तीच मंडळी डबे घेऊन भाकरीस रांग लावू लागली. शेवंताबाईंची लेक माघारी आली ती चौथ्यांदा, परंतु यावेळी बापाकडे न जाता आत्याकडे उतरली, आणि नामाजीराव दर रविवारी दोघींकडे जेवावयास येऊ लागले. तुळाजीरावांनी ठरल्या रंगाची गाडी घेतली. ते अद्याप बोलत नाहीत, डबा मात्र गडी पाठवून नेतात.

फाटकावर पहारेकरी नवा आला, नियमाचा पक्का. गजराबाई बाजार करून आल्या तो त्याने वही पुढे केली आणि विचारिले, "आजी, कुणाकडं जायचंय?" बाईंनी पिशवी खाली ठेविली, लेखणी घेतली, नावाचे रकान्यात गजराबाई ढेकळे लिहिले, आणि बोलिल्या, "माझ्याकडं."

येणेप्रमाणे लोटेमाळाची विक्री जाहली. राज्यात इमारती तीन वाढल्या, ढेकळ्यांची अब्रू होती तितकीच राहिली, शहाणपण चिमूटभर वाढले. लिहिण्यात अधिकउणे जाहले असेल ते वाचणाराने पोटी घालावे. लेखनसीमा.