गाडी हाकणारा जेवला का?

आमचे साडू किसनअण्णा कुठल्याही गाडीत बसले की आधी ड्रायव्हरला विचारतात, "जेवलास का बाबा?" तो नाही म्हणाला तर आपल्या फडक्यातली भाकरी सोडून त्याच्या हातात देतात आणि त्यानं खाल्ल्याशिवाय स्वतः घास घेत नाहीत. ऐकायला हे फार गोड वाटतं. त्यांच्याबरोबर प्रवास करून बघा म्हणजे कळेल.

मी उमरग्याला चौतीस वर्षं मास्तरकी केली. घंटा झाली की वर्गात, हे अंगात मुरलेलं. अण्णांची शेती गावाबाहेर हायवेला लागून, आणि त्यांच्या अंगात घड्याळ नावाची गोष्टच नाही. एकदा सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. तिथल्या स्टँडवर उतरून रिक्षा केली. रिक्षावाला सकाळपासून उपाशी निघाला. झालं, रिक्षा कडुनिंबाखाली उभी, रिक्षावाला पिठलं-भाकरी खातोय, अण्णा त्याला कांदा फोडून देताहेत आणि मी रस्त्यावर येरझाऱ्या घालतोय. म्हटलं, "अण्णा, माझा नंबर जाईल."

"डोळं कुठं पळून चाललेत, गुरुजी? घाई कुणाला हाय?"

नंबर गेला. पुढचे चार तास दवाखान्याच्या बाकावर काढले. "घाई कुणाला हाय" हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावर पडलं तरी माझं पित्त खवळतं.

अशा माणसाला घेऊन मला जपानला जावं लागलं. माझी मुलगी स्मिता टोकियोत नोकरीला आहे. तिनं आम्हा दोघांना बोलावलं, तर हिनं गुडघ्यांचं कारण काढलं आणि वर मलाच सुनावलं, "दाजींना न्या. ताई गेल्यापासून एकटेच असतात." मी म्हटलं, मग त्यांना तुळजापूरला नेऊन आणतो. पण घरात माझं कोण ऐकतंय?

विमानात बसल्या बसल्या अण्णांनी हवाईसुंदरीला खुणेनं विचारलं, हाकणारा जेवला का. मला मान खाली घालून त्याचं इंग्रजी करावं लागलं. ती हसली आणि म्हणाली, दोन पायलट आहेत आणि दोघांना वेगवेगळं जेवण देतात. एकाचं बाधलं तर दुसरा असतो. अण्णा बेहद्द खूश झाले. "शाणी मान्सं हायती," म्हणाले आणि टोकियोपर्यंत निवांत घोरले.

खरी पंचाईत पुढेच होती. स्मितानं आम्हाला बुलेट ट्रेननं ओसाकाला न्यायचं ठरवलं. तिला वर्षअखेरची सुट्टी होती, तिकिटं काढून झाली होती. आदल्या दिवशी अण्णांनी बॅगेतून मराठी कॅलेंडर काढलं आणि उद्याच्या तारखेवर बोट ठेवलं. त्या दिवशी येळवस होती.

येळवस हा आमच्या भागातला सण. त्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप म्हणजे खोपी उभारून पूजा करतं आणि मग शेंगा-पाल्याची भज्जी, पिठाचे वाफवलेले उंडे, ताकातली अंबिल असं जेवण होतं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून पंगतीला बसवतात. अण्णा तर हायवेवर उभे राहून ट्रक थांबवतात. ड्रायव्हर, क्लीनर, कुणीही असो, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. एका वर्षी तर रस्त्यावर ट्रकांची अशी रांग लागली की पोलीस आले. तेही जेवून गेले.

"धाकटा भाऊ आहे ना शेतावर," मी म्हटलं. "बळीराम बघेल."

"बघंल की," अण्णा म्हणाले. पण तोंड उतरलं ते उतरलंच.

इथं एक सांगायला हवं. अण्णांचा एकुलता एक मुलगा दिगंबर बारा वर्षांपूर्वी शेती सोडून ट्रकवर निघाला, तेव्हा अण्णा रागानं म्हणाले होते, "पुन्यांदा माझ्या ताटावर बसू नको." पोरगं बापासारखंच हट्टी. ते पुन्हा आलं नाही. कुठल्या गाडीवर आहे, कुणाच्या हाताखाली आहे, कुणालाच ठाऊक नाही. अण्णा त्याचं नाव काढत नाहीत आणि त्यांच्यासमोर आम्हीही काढत नाही.

तर येळवशीच्या सकाळी या गृहस्थांनी स्मिताच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात गावाहून आणलेल्या पिठाचे उंडे केले. तिनं मिळतील त्या शेंगा-पाल्याची भज्जी केली. डबा घेऊन आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी ठरल्या मिनिटाला आली, दारं ठरल्या खुणेसमोर उघडली. मला तर वाटलं, देवानं मास्तरांसाठी देश केला असेल तर हाच.

अण्णांचा पहिला प्रश्न, "हाकणारा कुठाय?"

स्मिता म्हणाली, "काका, तो पार पुढं असतो. बंद खोलीत. तिथं कुणाला जाता येत नाही."

"मग जेवणाला गाडी कुठं थांबती?"

"जेवणाला थांबत नाही."

झालं. डबा मांडीवर धरून अण्णा उपाशी बसले. आजूबाजूची माणसं आपापले सुबक डबे उघडून जेवत होती, माझ्या पोटात कावळे कोकलत होते आणि वडीलधारा माणूस उपाशी असताना मला घास घेता येईना. तिकीट तपासनीस आला, डब्यातून जाताना वळून वाकला. अण्णांनी उठून हात जोडले. तो पुन्हा वाकला. अण्णांनी पुन्हा हात जोडले. शेवटी मी त्यांना सदरा धरून खाली बसवलं.

बाहेर घरं, शेतं, डोंगर सरासरा मागं पडत होते. मी विचारलं, "अण्णा, कशी वाटली गाडी?"

"गाडी चांगली हाय," ते खिडकीला नाक लावून म्हणाले. "पर तोंडं दिसंनात. येवढी मान्सं गेली, एकाचंबी तोंड दिसलं न्हाय."

एवढा नेटका देश, एवढी गाडी, आणि या माणसाची तक्रार काय, तर तोंडं दिसत नाहीत. मी कपाळाला हात लावला.

ओसाकाला उतरल्याबरोबर अण्णा डबा घेऊन इंजिनाच्या दिशेनं सुटले. सोळा डब्यांची गाडी ती. मागं स्मिता, तिच्यामागं धापा टाकत मी. ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून, बॅग घेऊन नुकताच उतरला होता. अण्णा त्याच्यासमोर उभे राहिले. स्मितानं लाजत लाजत त्यांचा प्रश्न त्याच्या भाषेत विचारला.

तो माणूस क्षणभर गोंधळला. मग कमरेत वाकला आणि म्हणाला, ड्यूटीवर येण्याआधी जेवलो; आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, आभारी आहे. उंडा त्याला घेता आला नाही. अण्णांनीही आग्रह केला नाही.

"बरं झालं," म्हणाले आणि बाकावर टेकले. मी घाईनं डबा उघडायला घेतला, तेवढ्यात ते म्हणाले, "पोरी, बळीरामला फोन लाव. चित्र दिसतं तसला."

ओसाकात चार वाजले होते, गावाकडं दुपारचे साडेबारा. ऐन पंगतीची वेळ. फोनमध्ये बळीराम दिसला, मागं कोप, आणि बांधावर ओळीनं बसलेले ड्रायव्हर. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"जेवत्यात त्यांच्याकडं फिरव. सावकाश. ह्यो कोण?"

"बिदरचा हाय, अण्णा."

"फुडं सर. ह्यो?"

"नांदेडकडला."

"कडंला पाठमोरा बसलाय, त्यो?"

"त्यो आत्ताच आला."

"तोंड दाव त्याचं."

बळीरामनं फोन पुढं नेला. त्या माणसानं मान वळवली. तिशी-पस्तिशीचा, गालाला भज्जी लागलेली, अनोळखी.

"ह्यो न्हाय," अण्णा हळूच म्हणाले. मग घसा साफ करून, "वाढ त्याला. अजून एक उंडा घाल. सावकाश जेव म्हणावं."

बारा वर्षं मला वाटत होतं की हा माणूस येईल त्या ड्रायव्हरला जेवू घालतोय. तो प्रत्येकाचं तोंड बघत होता. मास्तर असून मला एवढं कळलं नाही, याची मला फार लाज वाटली.

"बळीराम, रस्त्यानं अजून गाड्या येत्यात का?"

"येत्यात की."

"मग फोन ठिवू नको."

स्मितानं घड्याळाकडं बघितलं. पुढची गाडी गाठायची होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, आपल्याला उशीर होतोय."

मी अण्णांच्या हातातून फोन घेतला, त्यांना नीट दिसेल असा धरला आणि दुसऱ्या हातानं डबा त्यांच्यासमोर सरकवला.

"होऊ दे," मी म्हटलं. "घाई कुणाला आहे?"