लाँचीतून अखाजीला

अखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमची मोटरलाँच तापीच्या पात्रात वाळूवर चढून बसली. लाँचीत माणसं तीन: मी, माझी पत्नी प्रमिला आणि आमचा नावाडी वना भोई. शिवाय सांजोऱ्यांची एक टोपली. जागा: उत्तरेच्या काठापासून अंदाजे दोनशे हात. जीवितहानी नाही.

बातमी एवढीच. एवढ्यावर थांबता आलं असतं तर मी आनंदाने थांबलो असतो! पण चौदा वर्षं मी रोज संध्याकाळी जळगावच्या तारऑफिसातून मुंबईच्या दैनिकाला बातम्या धाडतो, आणि अर्धी बातमी धाडणाऱ्यांना नावं ठेवतो. तेव्हा उरलेली अर्धीही मलाच सांगितली पाहिजे.

प्रमिलाचं माहेर तापीपलीकडे, चोपड्याच्या बाजूला. अखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके खेळायचा सण; पण सलग तीन वर्षं तिला अखाजीला माहेरी जाता आलं नव्हतं आणि तिन्ही वेळा कारण मीच. एकदा म्युनिसिपालिटीची निवडणूक, एकदा गिरणीतला संप, एकदा काय होतं ते मला आठवत नाही. तिला आठवतं! त्यात गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या, म्हणजे भिकुबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. "येती अखाजीले पोरीले एकदाव झोकावर देखी लेसू, मंग डोया गयात तरी चालस," असा त्यांचा निरोप आला.

निरोप ऐकून मी छाती पुढे काढली. "येत्या अखाजीला तू माहेरी जाणार म्हणजे जाणार! आणि बैलगाडीत हाडं खिळखिळी करत नव्हे. स्वतःच्या मोटरलाँचीतून, खुर्चीत बसून!"

"आपली लाँच कुठे आहे?" प्रमिला म्हणाली.

"उद्या होईल!"

नदीवरच्या पुलाचं काम संपवून एक कंत्राटदार आपलं सामान विकत होता. त्यात दोन जुन्या लाँची होत्या. एक लहान, चपट्या तळाची, पोचे पडलेली, परातीसारखी. दुसरी मोठी, खोल पोटाची. तिला खोली होती, खिडक्यांना जाळीचे पडदे होते, चार जणांना झोपायला फळ्या होत्या, चहाची शेगडी होती. साहेब लोक तिच्यातून सहकुटुंब हिंडत, असं कंत्राटदाराने सांगितलं. तिथेच माझं मन बसलं.

निवड करायला सासरे गिरधर आबा मुद्दाम नदी ओलांडून आले होते. साठ वर्षं तापीकाठी काढलेला माणूस. नदीच्या पाण्याचा रंग पाहून पाऊस कुठे पडलाय ते सांगणारा! मी विचारलं, "आबा, कोणती घ्यावी?"

आबांनी एकदा लहान लाँचीकडे पाहिलं, एकदा मोठीकडे, आणि शेवटी माझ्याकडे. "पाहुणा, तुमले पटनी ती आमले पटनी."

वना भोई तेवढा पुटपुटला, "साहेब, ल्हानी कोठे बी जास."

"वना, ही काय टरबुजं वाहायला घ्यायची आहे?" मी म्हणालो. आबांनी वनाकडे असं पाहिलं की तो बिचारा पुन्हा बोलला नाही. जावई बोलत असताना मधे बोलायचं नसतं!

मग लाँच बांधायला जागा शोधली. भादव्यातली तापी दोन्ही काठ भरून चालली होती. दक्षिणेकडे चिंचेखाली एक डोह होता. सावली छान, उतरायला दगड, समोर नदीचं रुंद पात्र. मी म्हणालो, "आबा, इथे बारमाही पाणी असतं ना?"

"असस ना, पाहुणा. तापी शे ती."

आबा खोटं बोलले नाहीत. पाणी असतंच. किती, हे मी विचारलं नाही! एखाद्या नव्या बातमीदार पोराने हा प्रश्न न विचारता बातमी आणली असती तर मी त्याला दारातून परत पाठवला असता.

दिवाळीपर्यंत मी चार फेऱ्या मारल्या. लाँच अशी चालायची की काठावरची गुरं शेपट्या वर करून पळायची. मग फैजपूरची काँग्रेस आली, तिच्या पाठोपाठ निवडणुका आल्या, आणि नदीकडे फिरकायला मला सवड झाली नाही. वनाकडून अधूनमधून निरोप यायचा, "साहेब, पानी जरासं कमी शे." जरासं म्हणजे किती, हेही मी विचारलं नाही.

अखाजीच्या दोन दिवस आधी प्रमिलाचा धाकटा भाऊ लोटन तिला न्यायला आला. मुऱ्हाळी म्हणून. दमणीला नवी झूल, बैलांच्या शिंगांना रंग, आत गादी, गादीवर गोधडी.

मी म्हणालो, "लोटन, दमणी परत ने. आम्ही उद्या लाँचीने येतो."

"दाजी, पन नदीमा..." लोटनने तोंड उघडलं. मग त्याला काय आठवलं कोण जाणे, त्याने ते मिटलं. "तुमनी मर्जी, दाजी."

तो गेल्यावर प्रमिला म्हणाली, "तुम्ही नदी पाहिलीत का एवढ्यात?"

"नदी काय पाहायची? ती कुठे जाते?"

नदी कुठे जाते ते दुसऱ्या दिवशी दिसलं! चिंचेखालच्या डोहात लाँच होती, आणि डोह संपला की नदीही जवळजवळ संपत होती. मधे वाळू, वाळूत टरबुजाच्या वाड्या, आणि वाड्यांच्या पलीकडे वीतभर रुंदीची चकाकती रेघ.

"वना, पाणी कुठे आहे?"

"बठ्ठं पानी तिकडे सरकी गयं, साहेब. दर साल जास."

"मग मला कळवलं का नाहीस?"

"कळाडं ना. जरासं कमी शे म्हनून."

त्याच वेळी मुकाट्याने टांगा वळवायला हवा होता. पण लाँचीला पडदे लावले होते, खुर्ची पुसली होती, आणि बघायला वाड्यांवरची माणसं जमली होती. डोहातून उत्तरेच्या धारेकडे एक अरुंद पाट जात होता. मी म्हणालो, "चालू कर!" इंजिन गरजलं, लाँच ऐटीत निघाली, धारेला लागली आणि तिथे म्हशीसारखी बसली. चार वाजून दहा मिनिटं.

उन्हाचा त्रास नको म्हणून प्रमिला आत, पडदे मीच ओढून दिलेले. वना पाण्यात उतरून ढकलतोय. पाणी त्याच्या गुडघ्याला! मी टपावर उभा राहून हुकूम देतोय. इंजिन वाळू उडवतंय, धूर ओकतंय, एक बोट पुढे सरकत नाहीये.

तेवढ्यात उत्तरेच्या काठावरून तीन गाड्या उतरल्या. वरच्या अंगाला शंभर हातांवर उतार होता, तिथून त्या पात्र ओलांडू लागल्या. पुढच्या गाडीवर लोटन. मागे आबा आणि गावातली चार पोक्त माणसं. मदत आली! मी कोट काढून फिरवला, ओरडलो. इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना.

आबांनी आमच्याकडे पाहिलं. नक्की पाहिलं. आणि चटकन मान दुसरीकडे वळवली. पाठोपाठ चारही पागोटी दुसरीकडे वळली, कवायत करावी तशी! जावयाची फजिती डोळ्यांनी पाहायची नसते. गाड्या पाणी उडवत दक्षिणेचा काठ चढल्या आणि धुळीत दिसेनाशा झाल्या.

मी खाली वाकून आत सांगितलं, "अगं, आबा कुठेतरी निघालेत."

"आबा? आज?" प्रमिला पडदा सारून बाहेर आली. धूळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "लोटन रिकामी दमणी घेऊन गावात शिरला असेल. रस्त्यात माणसांनी विचारलं असेल, बहीण कुठाय? तो काय सांगणार?"

"लाँचीने येते म्हणून सांगेल."

"वैशाखात? तापीतून? लाँचीने?" ती थांबली. "तो सांगेल, दाजींनी नाही धाडलं. आणि मुऱ्हाळी रिकामा परतला म्हणजे काय समजतात ते तुम्हाला माहीत नाही? घरात काहीतरी मोठं बिनसलं असं समजतात! आबा चार माणसं घेऊन आपल्याकडे बोलणी करायला निघालेत, आणि मी इथे नाही, घरीच आहे असं समजताहेत."

"मग आता?"

"आता काय? आई घरी एकटी असेल." तिने लुगडं खोचलं, टोपली डोक्यावर घेतली आणि ती सरळ पाण्यात उतरली. मी घड्याळ पाहिलं. पलीकडच्या काठाला पोचायला तिला सात मिनिटं लागली. मला नऊ. माझे बूट होते.

माहेरच्या दाराला कडी होती. शेजारच्या मंजुळाबाई धावत आल्या. "बाई वं! तू आठे? तुना घरना बठ्ठा तर तुनाकडे गयात!"

"आई कुठाय, काकी?"

"ती बी गयी. मांगली गाडीमा निजेल व्हती. आबा नही म्हनेत, तर म्हने, मना डोया नहीत पन पाय शेतस, मी पायी जासू!"

म्हणजे शंभर हातांवरून आई गेली होती आणि लेक पडद्याआड बसली होती. पडदा मी ओढला होता.

मी वनाला पायी जळगावला पिटाळलं. तिकडे आमच्या दाराला कुलूप पाहून सगळे ओट्यावर बसून राहिले होते. इकडे अखाजी उजाडली. लिंबाला झोके बांधले, पोरी गाणी म्हणू लागल्या, आमरसाचे हंडे भरले. माहेरवाशिणींनी प्रमिलाला दहादा ओढलं. ती झोक्याजवळ बसून राहिली, झोक्यावर बसली नाही. "आई येऊ दे," एवढंच म्हणायची.

गाड्या आल्या तेव्हा दिवे लागले होते. पोरींनी झोके सोडून घेतले होते. सासूबाईंना उतरवलं. संध्याकाळनंतर त्यांना दिसत नाही, हे मला तिथेच कळलं. प्रमिला पुढे गेली. त्यांनी तिचं कपाळ चाचपलं, गाल चाचपले, हनुवटी चाचपली.

"सुकाई गयी वं, पोरी."

मग माझी चाहूल लागली असावी. त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि विचारलं, "पाहुणा, जेवनात का?"

कोणी मला एक शब्द बोललं नाही! आबांनी प्रवास कसा झाला तेसुद्धा विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना उत्तर देता आलं असतं. मी आमरस खाल्ला. तीन वाट्या. नको म्हणायची सोय नव्हती.

प्रमिला माहेरीच राहिली. आषाढात पहिला पूर आला आणि वाळूत बसलेली लाँच कोणी न ढकलता निघाली. दोंडाईच्याच्या बातमीदाराने तार केली की सारंगखेड्यापाशी एक रिकामी लाँच पडद्यांसकट पश्चिमेकडे वेगाने जाताना दिसली. पुढचा तपास नाही. मी ती बातमी छापायला दिली. मालकाचं नाव दिलं नाही.

श्रावणात सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन धुळ्याला झालं. प्रमिला त्यांच्यापाशी आहे. काल तिचं कार्ड आलं: "पट्टी गुरुवारी सकाळी सोडणार. आई म्हणते, आधी पोरीला पाहीन, मग पाहुण्यांना. रेल्वेने या."

आज बुधवार. दुपारची गाडी पकडून मी निघालो. ही ओळ डब्यात बसून लिहितो आहे. संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झालीत. गाडी पाचोऱ्याला दोन तास उभी आहे. पुढे रुळांवर पाणी आलंय. किती, ते गार्डलाही माहीत नाही. समोरचे पारोळ्याचे गृहस्थ खिडकीतून पाण्याकडे पाहत म्हणाले, "अशा वेळी कोणाकडे मोटरलाँच असती तर काय बहार झाली असती, नाही?"

मी खिशातून घड्याळ काढलं.

सहा वाजून पस्तीस. गाडी हललेली नाही.