बाथरूमची कडी

आमच्या बाथरूमच्या दाराची कडी लागत नव्हती. ती कधीपासून लागत नव्हती याबाबत कुटुंबात मतभेद होते, पण लागत नव्हती यावर एकमत होतं. दार ओढलं की कडी भोकाच्या किंचित खाली येऊन अडायची. त्यावर घरात एक पर्यायी व्यवस्था आपोआप अस्तित्वात आली होती. आतल्या माणसाने अधूनमधून खाकरायचं आणि बाहेरच्याने ते ऐकून माघारी फिरायचं. मी खाकरायचो, बायको खाकरायची, मुलगी आत मोबाइलवर गाणी लावायची. परवा तुम्ही आमचं नवं घर बघायला आलात आणि "एवढं सगळं कसं जमवलंत?" असं विचारलंत, म्हणून ही पार्श्वभूमी सांगणं मी कर्तव्य समजतो.

व्यवस्था कोलमडली ती बाबांमुळे. वयोमानाने त्यांचं खाकरणं बारीक झालं होतं. एकदा बायकोची मैत्रीण आली असताना तिने बाथरूमचं दार उघडलं आणि तितक्याच घाईने लावून घेतलं. त्या दिवशी मग बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत आणि जेवणही त्यांनी आतच मागवलं. संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाले, "तेवढी कडी बसवून घे रे. या वयात लाज जाते माणसाची." मला फार वाईट वाटलं. मी लगेच सुताराला फोन केला.

सुताराने दार उघडून बघितलं, लावून बघितलं आणि पुढे प्रत्येक कारागिराच्या तोंडून मला जे वाक्य ऐकायचं होतं ते प्रथम उच्चारलं. "हे काम कोणी केलं होतं?" या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते. आपण फक्त ओशाळायचं असतं. कडीचा काही दोष नाही, चौकट फुगली आहे, भिंतीत ओल आहे, तेव्हा आधी ओल काढा आणि मग मला बोलवा, असं सांगून तो चहा पिऊन गेला.

बाबा म्हणाले, "भोक जरा घासून खाली वाढव. कानस आहे माझ्याकडे." मी त्यांना समजावलं की ही वरवरची मलमपट्टी झाली, प्रश्नाच्या मुळाशी गेलं पाहिजे. बाबा म्हणाले, "बरं." बाबा बरं म्हणाले की विषय संपतो, असा आमच्या घरातला संकेत आहे.

प्रश्नाच्या मुळाशी जायला प्लंबर आला. आधीचं काम कोणी केलं होतं ते विचारून त्याने बाथरूमची भिंत फोडली. आत पाइप ठणठणीत निघाला. त्यामुळे गळती पलीकडच्या अंगाने असणार हे सिद्ध झालं. पलीकडे बाबांची खोली. बाबांचं कपाट हॉलमध्ये आलं, कॉट कपाटापुढे आली, भिंत त्याही बाजूने फुटली, आणि ओलीचा माग काढता काढता खोलीची हॉलकडची भिंतही अर्धी फुटली. धुळीने बाबा दिवसभर खोकू लागले. परिणामी बाथरूम रिकामं असलं तरी आत कोणीतरी आहे असं समजून आम्ही सगळे बाहेर ताटकळत उभे राहू लागलो. असं किती दिवस चालणार?

बाबांना चार दिवस ताईकडे पाठवायचं ठरलं. त्यांनी औषधं, चष्मा आणि रेडिओ पिशवीत घातला. निघताना दारात थांबून म्हणाले, "माझी खोली तेवढी आहे तशी ठेव." मी म्हटलं, "म्हणजे काय, बाबा."

त्यानंतर कामाला वेग आला. फुटलेल्या भिंतीवरच्या टाइल्स आता कुठेच बनत नाहीत, असं फरशीवाल्याने आनंदाने जाहीर केलं. म्हणजे सगळ्याच बदलणं आलं. पण आतल्या वायरी झाल्याशिवाय त्याला टाइल लावता येईना. छत झाल्याशिवाय वायरमनला वायर ओढता येईना. छतवाला सुतारासाठी अडून बसला आणि सुताराने ओल गेल्याशिवाय पाऊल ठेवणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. ओल काढणारा म्हणाला, फरशी झाली की लगेच येतो.

मी ऑफिसातला अनुभव पणाला लावून सर्वांची एक बैठक बोलावली. रंगाच्या उपड्या डब्यांवर सगळे बसले. आपल्याआधी येऊन गेलेल्याने घाण करून ठेवली आहे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. एव्हाना प्रत्येक जण दुसऱ्या कोणाच्या तरी आधी येऊन गेलेला होता, ही बाब कोणी मनाला लावून घेतली नाही. रंगाऱ्याने "हे प्लास्टर कोणी केलं?" असं विचारलं, तेव्हा ते करणारा गवंडी शेजारीच बसला होता. त्यानेही खेदाने मान हलवली.

समन्वयासाठी मग इंटिरियरवाल्या मॅडमना आणावं लागलं. मॅडम हॉलच्या मधोमध डोळे मिटून उभ्या राहिल्या. आम्हीही जरा अवघडून उभे राहिलो. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "तुमच्या घराला श्वासच घेता येत नाहीये." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं घर गुदमरत होतं आणि आम्ही आपले त्यात टीव्ही बघत बसलो होतो.

मॅडमनी अर्धवट फुटलेल्या भिंतीकडे बोट केलं. "यामागे काय आहे?"

"बाबांची खोली," मी म्हटलं.

"ते इथेच असतात?"

"सध्या ताईकडे आहेत."

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या.

बाबांना दिलेला शब्द मला आठवला, खोटं कशाला सांगू. पण अर्धवट फुटलेली भिंत धड ठेवताही येत नाही आणि बघवतही नाही. शिवाय मॅडमनी संगणकावर जे चित्र दाखवलं, त्यात आमचा हॉल इतका मोठा झाला होता की त्यात मी स्वतःही सडपातळ दिसत होतो. भिंत दुसऱ्या दिवशी पडली.

बाबा रोज संध्याकाळी फोन करत. "लागली का रे कडी?" मी म्हणायचो, लागतेच आहे. एकदा त्यांनी विचारलं, "खोलीतली ओल गेली का?" मी "पूर्ण गेली" असं सांगितलं आणि त्यात अक्षरही खोटं नव्हतं. ओल धरायला तिथे भिंतच उरली नव्हती. चार दिवसांचं काय झालं, हे ते विचारत नसत. ताई मात्र विचारायची. मग मी घाईत असायचो.

घर कसं झालं ते तुम्ही बघितलंच. बाथरूमला सरकतं काचेचं दार आहे, धुरकट, जमिनीपासून छतापर्यंत एकसंध. कडी कुठे आहे असं मी मॅडमना विचारलं होतं. कडीने दाराची रेषा तुटते, असं त्या म्हणाल्या, आणि एवढ्या कामानंतर कडीचं नाव काढणारा मीच मला अडाणी वाटलो.

तुम्ही आलात त्याच दिवशी ताई बाबांना घेऊन आली. त्यांच्या हातात तीच पिशवी होती. त्यांची खोली होती त्या जागी तुम्ही सगळे उभे राहून "केवढी मोकळी जागा!" म्हणत होतात. बाबाही तिथेच येऊन उभे राहिले. पिशवी ठेवायला जागा शोधत होते, म्हणून बायकोने हळूच सांगितलं की तिथे काही ठेवायचं नाहीये. त्यांनी कॉटची चौकशी केली. ती गच्चीवर नीट झाकून ठेवली आहे, असं मी सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले आणि बाथरूमकडे गेले.

थोड्या वेळाने आतून खाकरणं ऐकू आलं. बारीक, पण थांबून थांबून, नेमाने. काचेमागे त्यांची सावली दिसत होती. तुम्हीही ते ऐकलंत, कारण तुम्ही एकदम पडद्यांच्या कापडाबद्दल विचारायला लागलात. बायकोने हॉलमध्ये लावलेल्या गाण्यांचा आवाज वाढवला.

बाबा बाहेर आले, पिशवी उचलली आणि ताईला म्हणाले, "चल गं." माझ्याजवळून जाताना थांबले. "घर छान झालंय. कडी तेवढी राहिलीच की रे."

मी त्यांना खालपर्यंत सोडायला जाणारच होतो, पण तेवढ्यात तुम्ही मला बाजूला घेऊन मॅडमचा नंबर मागितलात. तुमच्या मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, एवढंच काम आहे, म्हणालात. नंबर पाठवला आहे. एवढंसंच काम आहे, होऊन जाईल. फक्त त्या खोलीत तुमच्या आई असतात ना, त्यांना तेवढे चार दिवस कुठेतरी पाठवून द्या. म्हाताऱ्या माणसांना धुळीचा फार त्रास होतो.